हात ऐकत नाही : पक्षाघातानंतर उरणाऱ्या बधीरपणाचा इतिहास

‘इतिहासात पीएचडी करतेय’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : शिवकाल की पेशवाई? माझं उत्तर ऐकून समोरचा जरा गोंधळतो. माझा विषय वैद्यकाचा इतिहास आहे, आणि त्यातलाही एक छोटासा कोपरा. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर अंगात जो बधीरपणा मागे राहतो, त्याकडे वेगवेगळ्या काळातल्या डॉक्टरांनी कसं पाहिलं? ‘यात इतिहास कसला?’ असंही लोक विचारतात. आजचा लेख म्हणजे त्याचं उत्तर. आणि तुमच्या घरात आई किंवा वडील या बधीरपणासोबत दिवस काढत असतील, तर तो खास तुमच्यासाठी आहे.

सुरुवात शब्दापासून करू. संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. त्यापासूनच मराठीत ‘बहिरा’ आला. मूळ शब्दही ‘बधीर’ म्हणून टिकून राहिला, पण त्याचा अर्थ कानावरून कातडीवर सरकला. गंमत अशी की झटक्यानंतरच्या बधीरपणाला हा जुना अर्थ चपखल बसतो. हाताची कातडी शाबूत असते, हातातल्या नसा शाबूत असतात. हात निरोप पाठवतच असतो. मेंदूतला जो भाग तो निरोप ऐकायचा, किंवा तिथवर पोचवणारी जी वाट, तिथे इजा झालेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक आजार, दोन नुकसानं

आपल्याकडचं जुनं वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सापडतं. पक्षाघात झालेलं अर्धं अंग ‘अकर्मण्य’ होतं आणि ‘अचेतन’ होतं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे काम करेनासं होतं आणि त्यातली जाणीवही जाते. कारण अर्थातच वात. ‘अर्धांगवायू’ या शब्दात तो वायू अजून आहे. ग्रीकांनी या आजाराला जे नाव दिलं त्यात फटका बसून कोसळण्याची कल्पना होती. आपला ‘झटका’ आणि इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ त्याच जातीचे शब्द. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा रुग्णांची शवविच्छेदनं करून मेंदूतला रक्तस्राव दाखवून दिला आणि आजाराचा पत्ता मेंदूत आहे हे पक्कं होत गेलं.

सुश्रुतसंहितेत दोन्ही नुकसानं शेजारी शेजारी आहेत : हालचाल आणि जाणीव. युरोपात ती शरीररचनेच्या पातळीवर वेगळी काढली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. चार्ल्स बेल (१८११) आणि फ्रांस्वा माजांदी (१८२२) यांच्या कामातून कळलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून पुढच्या बाजूने निघणारी मुळं हालचालीचे हुकूम घेऊन जातात, आणि मागच्या बाजूची मुळं संवेदना आत आणतात. जायची वाट वेगळी, यायची वाट वेगळी.

याचा अर्थ असा की एक वाट सावरली तरी दुसरी बंद राहू शकते. हाताची ताकद परत आली म्हणून जाणीव परत आलीच असं नाही. इतकंच काय, सी. मिलर फिशर या न्यूरॉलॉजिस्टने १९६५ साली अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांच्यात ताकद कधी गेलीच नव्हती. चेहरा, हात, पाय असं एका बाजूचं अंग नुसतं बधीर झालं होतं. याला आज ‘प्युअर सेन्सरी स्ट्रोक’ म्हणतात.

जाणीव मोजता येते हेही याच शतकात कळलं. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबरने १८३४ साली कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवून विचारलं : एक टोक लागतंय की दोन? बोटाच्या पेरावर साधारण २ मिलिमीटर अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर मात्र काही सेंटिमीटर अंतर लागतं. स्पर्श म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा दिवा नाही, त्याला बारकावा असतो, हे वेबरने आकड्यांत दाखवलं. बधीरपणाचंही तसंच आहे. ‘काही लागलं’ हे कळतं, पण ‘काय लागलं’ ते कळत नाही, अशी अवस्था असू शकते.

जाणीव गेली की हातही जातो

आता १८९५ कडे येऊ. लंडनमध्ये फ्रेडरिक मॉट आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी माकडांच्या एका हाताकडून येणाऱ्या संवेदनांची मुळं कापली. हालचालीची मुळं जशीच्या तशी ठेवली. स्नायू ठीक, हुकूम पोचवणाऱ्या नसा ठीक. तरीही माकडाने तो हात वापरणंच सोडलं. खाणं उचलायला, पकडायला तो पुढे येईना. प्रयोग क्रूर होता यात शंका नाही. पण त्यातून कळलेली गोष्ट आजही रोजच्या उपयोगाची आहे. ज्या हाताकडून काही ऐकू येत नाही, त्या हाताकडून काम करून घेणं अवघड होतं, मग तो कितीही ताकदवान असो.

हे मला ग्रंथालयात कळण्याआधी घरात दिसलं होतं. माझ्या बाबांना अडीच वर्षांपूर्वी झटका आला. आता मूठ घट्ट वळते, बादलीही उचलतात. पण खिशात हात घातल्यावर किल्ली कोणती आणि नाणं कोणतं हे डाव्या हाताला कळत नाही. शर्टाचं बटण लावताना बघावं लागतं. मधूनच म्हणतात, ‘अगं, हा हात कुणीतरी बाहेरून आणून लावल्यासारखा वाटतो.’ तपासणीच्या कागदावर ताकद ५ पैकी ५ अशी नोंद झाली आणि आम्हाला सांगण्यात आलं : सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका.

ते ५ पैकी ५ कुठून आले हाही इतिहासच आहे. स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजण्याची ही पट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ साली, ऐन युद्धात, नसांच्या जखमा तपासण्यासाठी प्रसिद्ध केली. त्या कामासाठी ती चांगलीच आहे. पण ती ताकद मोजते. हात परका वाटतो का, हे ती विचारतच नाही.

पॅरिस १९०६, लंडन १९११

‘हात परका वाटतो’ हे कुणी गांभीर्याने घेतलंच नव्हतं का? घेतलं होतं. १९०६ साली पॅरिसमध्ये जूल देजेरीन आणि गुस्ताव रूसी यांनी ‘थॅलॅमिक सिंड्रोम’ वर्णन केला. थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना असलेला भाग. वास सोडला तर बाकी सगळ्या संवेदना इथे थांबून पुढे जातात. मोठ्या एसटी स्टँडसारखं समजा, जिथे गाडी बदलावीच लागते. या स्टँडवर इजा झाली की काय होतं ते दोघांनी मांडलं : लुळेपणा थोडाच, आणि तोही ओसरणारा. बधीरपणा मात्र टिकून राहणारा. हातात दिलेली वस्तू डोळे मिटून ओळखता येत नाही. आणि त्याच बधीर अंगात असह्य दुखणं, ज्यावर नेहमीची वेदनाशामकं चालत नाहीत.

थांबून हे पुन्हा वाचा. बधीर अंग दुखतं. ऐकणाऱ्याला हे परस्परविरोधी वाटतं, आणि म्हणूनच घरोघरी रुग्णावर अविश्वास दाखवला जातो. ‘काही कळत नाही म्हणता, मग दुखतं कसं?’ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचं उत्तर छापून आलेलं आहे. रूसी तेव्हा थॅलॅमसवर स्वतःचा प्रबंध लिहीत होता. तो १९०७ साली आला. प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला असा सोबती सापडला की बरं वाटतं, इतकंच सांगते.

मग १९११. लंडनमध्ये हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी मेंदूच्या इजेमुळे होणाऱ्या संवेदनांच्या बिघाडावर एक लांबलचक निबंध लिहिला. हेड हा विलक्षण माणूस. १९०३ साली त्याने स्वतःच्याच हातातली एक नस कापून घेतली आणि जाणीव कशी परत येते याची पुढची चार वर्षं नोंद ठेवली. त्याची तपासणी करणारा मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स, म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारा तोच.

हेड-होम्स यांच्या निबंधात एक रुग्ण आहे. तो प्रार्थनेला जायचं टाळू लागला होता, कारण तिथली सामुदायिक गाणी त्याला झटका आलेल्या बाजूला सहन होत नसत. आणि गाणं चालू असताना बाप आपला तो हात सारखा चोळत राहतो, हे कुणाच्या लक्षात आलं? त्याच्या मुलाच्या.

मी हे वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. एवढा मोठा निबंध, स्पर्शाची आणि तापमानाची इतकी मोजमापं, आणि त्यात मुलाने बापाकडे बघून सांगितलेली एक गोष्ट पुरावा म्हणून नोंदवलेली. डॉक्टरांना खोलीत जे दिसलं नसतं, ते बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला दिसलं. तुम्ही आई-वडिलांसोबत राहत असाल तर तुम्ही त्या मुलाच्या जागी आहात.

जे मोजलं नाही ते विसरलं गेलं

मग एवढं माहीत असताना बधीरपणा मागे का पडला? माझ्या प्रबंधातलं मुख्य म्हणणं इथे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झटक्यानंतरची अवस्था आकड्यांत मांडायची गरज पडली. रुग्णालयांना पुनर्वसनाची आखणी करायची होती, औषधांच्या चाचण्या करायच्या होत्या. त्यासाठी पट्ट्या आल्या. १९५७ साली ग्लासगोच्या जॉन रँकिनची पट्टी : माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो, चालू शकतो का? १९६५ साली अमेरिकेतला बार्थेल निर्देशांक : जेवण, आंघोळ, कपडे, शौच, जिने चढणं अशा १० बाबी, एकूण १०० गुण. बधीरपणासाठी त्यात एकही बाब नाही. ज्याला १०० पैकी १०० मिळाले त्याचा हात पूर्ण बधीर असू शकतो, फक्त त्याने डोळ्यांच्या मदतीने सगळं निभावून नेलं की झालं. १९८९ साली आलेल्या एनआयएच स्ट्रोक स्केलमध्ये जास्तीत जास्त ४२ गुण आहेत. त्यातले संवेदनेला २.

आपल्या मुंबईत २००५ आणि २००६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वस्तीपातळीवर झटक्यांची नोंद ठेवली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण त्यात सापडले. अशा नोंदींची आपल्याकडे फार टंचाई आहे, त्यामुळे हे काम मोलाचं. त्यात दोन प्रश्न मुख्य होते : कुणाला झटका आला, आणि २८ दिवसांत कोण दगावलं? तुमचे-माझे आई-बाबा एकोणतिसाव्या दिवसानंतरचे आहेत.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. जीव वाचवणं पहिलं, चालतं करणं दुसरं, हा क्रम योग्यच होता. पण पट्टीवर नाही ते तपासणीत विचारलं जात नाही, विचारलं नाही ते कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही त्याच्यावर उपचार होत नाहीत. ‘मनावर घेऊ नका’ हे वाक्य असं तयार होतं.

हाताला पुन्हा ऐकायला शिकवणं

गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेत एडवर्ड टाउबने पुढे मॉट-शेरिंग्टनचा प्रयोग पुन्हा तपासला. त्याला दिसलं की चांगला हात बांधून ठेवला तर माकड बधीर हात वापरू लागतं. म्हणजे हात निकामी झाला होता तो काही अंशी सवयीने. सुरुवातीला जमलं नाही म्हणून सोडून दिला, आणि मग सोडलेलाच राहिला. यावरून माणसांसाठी उपचारपद्धत तयार झाली : चांगल्या हाताला मिट घालून अडवायचं आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास सराव करून घ्यायचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ रुग्णांवर तिचा फायदा दिसला. प्राण्यांवरच्या या संशोधनावरून १९८१ साली अमेरिकेत मोठं वादळ झालं, खटलाही चालला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

स्पर्श थेट शिकवण्याचे प्रयत्नही झाले. १९९३ साली येकुतिएल आणि गुट्टमन यांनी झटका येऊन बराच काळ लोटलेल्या २० रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन ६ आठवडे हाताच्या स्पर्शाचं शिक्षण दिलं, आणि सुधारणा दिसली. ऑस्ट्रेलियाच्या लीअ‍ॅन केरी यांनी ५० जणांवर केलेली चाचणी २०११ साली आली. एकेक तासाची १० सत्रं, आणि ६ महिन्यांनंतरही फायदा टिकलेला. चाचण्या छोट्या आहेत, पूर्ण बरं होण्याचं आश्वासन त्यात नाही. पण ‘आता काही होणार नाही’ या वाक्याला त्यांनी छेद दिला.

मग घरी काय?

मी डॉक्टर नाही. खालच्या गोष्टी या इतिहासातून निघतात आणि फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून करायच्या आहेत.

पहिलं, सुरक्षितता. बधीर हाताला चटका कळत नाही. आंघोळीचं पाणी चांगल्या हाताने बघायचं, गीझर कमी तापमानावर ठेवायचा, चहाचा कप कानाचा असावा. बधीर पायाचे तळवे रोज रात्री बघायचे, घालण्याआधी चपला-बूट झटकायचे. मधुमेह असेल तर दुप्पट काळजी. तेल चोळल्याने बरं वाटत असेल तर जरूर चोळा. पण सुरुवातीची गोष्ट आठवा : बिघाड कातडीत नाही. म्हणून ‘शेकलं की जाग येईल’ असं समजून गरम पिशवी किंवा तवा-फडक्याचा शेक देऊ नका. भाजेल, आणि कळणारही नाही.

दुसरं, सराव. केरी यांच्या पद्धतीचा गाभा घरातल्या वस्तूंनी समजून घेता येतो. डोळे मिटायचे, बधीर हातात एक वस्तू घ्यायची : किल्ली, रुपयाचं नाणं, सुपारी, बटण. ओळखायचा प्रयत्न करायचा. मग डोळे उघडून बघायचं. मग तीच वस्तू चांगल्या हातात घेऊन फरक लक्षात घ्यायचा, आणि पुन्हा बधीर हातात. सोप्याकडून अवघडाकडे जायचं : आधी खरखरीत काथ्या आणि गुळगुळीत वाटी, मग सुती आणि रेशमी कापड. आमच्याकडे तांदळाच्या डब्यात राजमा लपवून शोधायचा खेळ चालतो. बाबा हरले की तांदळाला नावं ठेवतात. थोडा वेळ, रोज, लक्ष देऊन. टीव्ही बंद.

तिसरं, हात कामात ठेवा. लसूण सोलणं, वर्तमानपत्राची घडी, शेंगा फोडणं. वेळ लागतो म्हणून आपण पटकन करून टाकतो, आणि हाताला न वापरण्याची सवय लागते. चांगला हात बांधण्याचा प्रयोग मात्र स्वतःच्या मनाने करू नका. तोल जाऊन पडायची भीती असते, आणि तो उपचार सगळ्यांसाठी नाही.

चौथं, दुखणं. अंगावरची चादर, पंख्याचा वारा बधीर बाजूला झोंबतो, जळजळतं, असं आई-बाबा म्हणत असतील तर ते देजेरीन-रूसींनी सांगितलेलंच असू शकतं. न्यूरॉलॉजिस्टला हेच शब्द सांगा. अशा दुखण्यासाठी वेगळ्या जातीची औषधं असतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून खाण्यात अर्थ नाही.

आणि एक अपवाद : जुना बधीरपणा वेगळा, नवा वेगळा. अचानक एका बाजूचा चेहरा, हात किंवा पाय बधीर झाला, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. १०८ ला फोन करा.

पुढच्या लेखात हेड आणि रिव्हर्स यांच्या त्या नस कापण्याच्या प्रयोगाबद्दल लिहीन. तोवर एक काम करा. एक साधी वही घ्या आणि ‘हात आज कसा वाटतोय?’ असं विचारून जे उत्तर मिळेल ते आई-बाबांच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. लाकडासारखा, मुंग्या चालल्यासारखा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, जे म्हणतील ते. पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.